प्रस्तावना : पटल, प्रथिन आणि प्रकाश

वाराणसीहून पूर्वेला निघाले की काही तासांत बिहार लागतो आणि गंगेच्या उत्तरेला मुझफ्फरपूर. लिचीच्या बागांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्याने आणि आसपासच्या गावांनी काळा आजार पिढ्यानपिढ्या सोसला आहे. वाळूमाशीच्या चाव्यातून लीशमानिया नावाचा एकपेशीय परजीवी शरीरात शिरतो. प्लीहा फुगते, ताप हटत नाही, अंगातले रक्त कमी होत जाते आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतील डॉ. श्याम सुंदर यांनी या रोगावरील औषधांच्या चाचण्या मुझफ्फरपुरात वर्षानुवर्षे केल्या. त्यांतली २०१० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आपल्याला थेट या पुस्तकाच्या विषयाशी आणून सोडते. तीत ४१२ रुग्ण होते. काहींना अँफोटेरिसिन बी हे औषध रूढ पद्धतीने, दिवसाआड, एकूण १५ वेळा शिरेतून दिले. त्यासाठी २९ दिवस रुग्णालयात राहणे भाग होते. बाकीच्यांना तेच औषध मेदांच्या सूक्ष्म गोलकांत घालून, वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम या मात्रेत, एकदाच दिले आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होते. ज्याचे घर रोजच्या मजुरीवर चालते, त्याच्यासाठी एक महिना आणि एक दिवस यांतले अंतर किती मोठे आहे, हे त्या भागात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

औषध तेच होते. बदलले होते ते त्याच्याभोवतीचे मेद. अँफोटेरिसिन पेशीच्या पटलावर घाव घालते. परजीवीच्या पटलात एर्गोस्टेरॉल आणि त्याच्या जातकुळीतली स्टेरॉले असतात, माणसाच्या पटलात कोलेस्टेरॉल. दोन्ही रेणूंची ठेवण जवळजवळ सारखी. औषध पहिल्याला घट्ट धरते आणि दुसऱ्यालाही थोडेफार धरतेच. त्या थोडेफार धरण्यातून मूत्रपिंडांना इजा होते. औषध मेदगोलकात बसवले की ते वाटेत फारसे सुटत नाही. गोलकांना गिळतात त्या प्लीहेतल्या आणि यकृतातल्या महाभक्षी पेशी, आणि परजीवी लपलेला असतो तोही नेमका त्यांच्यातच. हा सगळा व्यवहार काही नॅनोमीटर जाडीच्या पटलावर आणि पटलाआड घडतो.

अँफोटेरिसिन हे प्रथिन नव्हे. पण बाहेरून आलेला रेणू पटलाला कसा चिकटतो, किती खोल शिरतो, तिथे गेल्यावर त्याचा आकार बदलतो का आणि त्याच्यामुळे पटल बदलते का, हे चार प्रश्न त्याला जसे लागू आहेत तसेच प्रथिनांनाही. प्रथिनांच्या बाबतीत ते कितीतरी अवघड होतात, कारण प्रथिन मोठे असते, लवचीक असते आणि पाण्यात एक रूप तर मेदांत दुसरे रूप घेऊ शकते. सजीवांच्या जनुकांपैकी सुमारे २० ते ३० टक्के जनुके पटलात राहणाऱ्या प्रथिनांची असतात. आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्य हीच प्रथिने असतात. तरीही मराठीत या विषयावर सलग वाचायला मिळेल असे काही नाही. या पुस्तकाचे मला मनापासून वाटणारे अगत्य तिथून सुरू होते.

पटलाची जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामुळे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून प्रथिन पटलात कसे बसले आहे ते दिसणे शक्य नाही. क्ष-किरणांनी रचना काढायची तर स्फटिक लागतात, आणि तेलकट परिसरात राहणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक करायचे म्हणजे आधी त्याला त्याच्या घरातून बाहेर काढावे लागते. वर्णपटविज्ञानाची वाट वेगळी आहे. त्यात रेणूचे छायाचित्र घेत नाहीत. रेणूवर ठरावीक ऊर्जेचा प्रकाश किंवा रेडिओलहर सोडतात आणि त्याने काय शोषले, काय परत दिले, ते किती वेळाने दिले हे मोजतात. शेजार बदलला की उत्तर बदलते. प्रथिन पाण्यात आहे की मेदांत, हे ते स्वतःच सांगते.

हे सांगणे म्हणजे नेमके काय, ते एका प्रयोगातून जवळून पाहू. मधमाशीच्या विषात मेलिटिन नावाचे २६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड असते. त्यात ट्रिप्टोफॅन एकच, एकोणिसाव्या जागी. म्हणून जी चमक दिसेल ती कुठून आली याबद्दल शंका राहत नाही. आधी मेदगोलक तयार करायचे. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले मेद गोल बुडाच्या चंबूत घेऊन नायट्रोजनच्या झोताखाली क्लोरोफॉर्म उडवून लावला की काचेवर पातळ थर उरतो. तो निर्वातात नीट कोरडा करून त्यात बफर घालून हलवले की थर सुटतो आणि द्रावण दुधासारखे पांढरे होते. हे द्रावण १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून पुन्हा पुन्हा दाबून काढले की पांढरेपणा ओसरतो आणि किंचित निळसर झाक उरते. आता क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये मेलिटिनचे पातळ द्रावण घेऊन त्यावर २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा. ट्रिप्टोफॅन ३५० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश परत देते. पिपेटने मेदगोलकांचे काही मायक्रोलिटर घातले की शिखर निळ्या बाजूला सरकू लागते. आणखी घातले की आणखी सरकते. शेवटी ३३५ च्या जवळपास येऊन थांबते. पाण्यात असताना भोवतालचे पाण्याचे रेणू उत्तेजित ट्रिप्टोफॅनभोवती वळून बसतात आणि त्याची ऊर्जा कमी करतात. मेदांच्या शेजारात ती संधी कमी मिळते. किती मेद घातल्यावर शिखर किती सरकले याचा आलेख काढला की पेप्टाइड पटलाला किती घट्ट धरते, याचा आकडा हाती येतो. मेदगोलक स्वतः प्रकाश विखुरतात. म्हणून पेप्टाइडविना नुसत्या गोलकांचा वर्णपट आधी घेऊन वजा करावा लागतो. ही वजाबाकी वगळून काढलेल्या निष्कर्षांनी या विषयात बराच गोंधळ घातला आहे. नव्या विद्यार्थ्याने शिकण्याची पहिली गोष्ट तीच.

हेच नमुने वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाशाखाली, म्हणजे सीडी यंत्रात, ठेवले तर दुसरी बाजू कळते. पातळ द्रावणात, पाण्यात मेलिटिनला ठरावीक घडण जवळजवळ नसते. मेद मिळताच वर्णपटात २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन दऱ्या उमटतात, आणि त्या अल्फा-मळसूत्राची खूण आहेत. चिकटणे आणि घडी पडणे या दोन घटना एकमेकींशी बांधलेल्या आहेत. खोली मोजायची असेल तर मेदांच्या शेपटीवर ठरावीक जागी चमक विझवणारा गट बसवतात आणि कोणत्या खोलीवरचा गट ट्रिप्टोफॅनला जास्त विझवतो ते पाहतात. अमिताभ चट्टोपाध्याय आणि एर्विन लंडन यांनी १९८७ साली या मोजणीला पद्धतशीर गणिती रूप दिले. चट्टोपाध्याय पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आले आणि या विषयाला भारतात घट्ट पाय मिळाला. त्यांच्याकडे मी पुन्हा येईन.

पटलाविषयीच्या कल्पनेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२५ साली लायडनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल रक्तपेशींतले मेद काढून पाण्यावर पसरले, आणि त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे सांगितले. पटल म्हणजे मेदांचे दोन थर, ही कल्पना तिथून आली. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. सगळे मेद निघाले नव्हते आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि उत्तर बरोबर आले. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बॅबरहॅम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी मेद पाण्यात आपसूक बंद गोलक करतात हे दाखवले आणि संशोधकांना कृत्रिम पटल मिळाले. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही मोझॅकचे चित्र मांडले. त्यात मेदांचा द्रवपदार्थ आणि त्यात तरंगणारी प्रथिने होती. शालेय पुस्तकांतले चित्र आजही तेच आहे.

या चित्रातला "द्रव" किती द्रव, हे ठरवताना विषयातली सगळ्यात शिकवणारी भांडणे झाली. या पुस्तकाचा कणा मला तिथेच दिसतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

हार्डन मॅक्कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदांना एका विजोड इलेक्ट्रॉनचा गट जोडून ईएसआरने (इलेक्ट्रॉन-स्पिन अनुस्पंदनाने) त्यांची हालचाल मोजायला सुरुवात केली. १९७१ साली कॉर्नबर्ग आणि मॅक्कॉनेल यांनी दाखवले की मेदाचा रेणू आपल्या थरात वेगाने सरकतो, पण एका थरातून दुसऱ्यात उलटायला त्याला तास लागतात. १९७३ मध्ये ओरेगॉनच्या जोस्ट, ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाचा अभ्यास केला. वर्णपटात त्यांना दोन प्रकारचे मेद दिसले. एक मोकळे, दुसरे प्रथिनाला खेटून जवळजवळ थिजलेले. प्रथिनाभोवती मेदांचे एक वेगळे कडे असते, हा विचार त्यातून पुढे आला. मग ड्यूटेरियम एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) वापरणारे आले. त्यांत बाझेलचे योआकिम झेलिग आघाडीवर होते. त्यांनी मेदांतल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून तशाच पटलांचे वर्णपट घेतले, आणि त्यांना मेदांची एकच जात दिसली. कडे कुठेच नव्हते. दोन्ही बाजूंचे लोक काळजीपूर्वक काम करणारे होते आणि दोन्ही बाजूंनी बरीच वर्षे एकमेकांच्या नमुन्यांत खोट शोधली.

फिरत्या पंख्याचे छायाचित्र काढताना शटर झटकन मिटले तर पाती सुटी सुटी दिसतात, सावकाश मिटले तर सलग चकती दिसते. ईएसआरचे शटर सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाचे. या ड्यूटेरियम एनएमआरचे त्याहून हजारपट संथ, सुमारे लाखाव्या भागाचे. प्रथिनाला खेटलेला मेद या दोन काळांच्या मधल्या वेळात जागा सोडतो आणि दुसरा येतो. ईएसआरला तो जागेवर सापडतो, एनएमआरला फक्त सरासरी सापडते. कडे असते, आणि ते सतत बदलतही असते. भांडण मिटले ते दोघांनी आपापल्या तंत्राची वेळ कबूल केली तेव्हा.

माझ्या मते या शाखेत शिरणाऱ्याने आधी हे मनात पक्के करावे. प्रत्येक तंत्राला स्वतःचे घड्याळ आहे, आणि पटलात काय "आहे" याचे उत्तर त्या घड्याळाशिवाय अपुरे आहे. अवरक्त आणि रामन वर्णपट बंधांच्या कंपनांवर चालतात आणि क्षणाच्या अतिसूक्ष्म भागातले चित्र देतात. फ्लुओरेसन्सचे, म्हणजे मेलिटिनच्या प्रयोगातल्या चमकेचे, घड्याळ नॅनोसेकंदांचे. एनएमआर मायक्रोसेकंदांपासून सेकंदांपर्यंत जाते. तंत्रांची नावे पाठ करणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. या तंत्राचे घड्याळ कोणते, हा एक प्रश्न विचारणारे कमी भेटतात, आणि भेटले की आनंद होतो.

घड्याळाचा हाच गुण हैदराबादच्या गटाने हत्यार म्हणून वापरला. पाण्यात ट्रिप्टोफॅनभोवतीचे पाण्याचे रेणू पिकोसेकंदांत वळून बसतात, चमक निघण्याच्या कितीतरी आधी. पटलाच्या किनारी, जिथे मेदांची डोकी असतात, पाणी जखडलेले असते आणि त्याला वळायला चमकेइतकाच वेळ लागतो. अशा जागी उत्तेजनाची तरंगलांबी शोषणपट्ट्याच्या तांबड्या टोकाकडे नेली की उत्सर्जनही तांबडे होत जाते. साध्या द्रावणात तसे होत नाही. चट्टोपाध्याय यांच्या गटाने या तांबड्या-टोकाच्या सरकण्यावरून पटलातल्या पाण्याची गती मोजण्याची पद्धत रुळवली. शिवाय त्यांच्याच गटाने दाखवले की महाभक्षी पेशीच्या पटलातले कोलेस्टेरॉल काढून घेतले की लीशमानियाला आत शिरणे जड जाते. काळ्या आजाराचा धागा तिथेही येऊन मिळतो.

वाराणसीचा या विद्येशी संबंध बराच जुना आहे. मराठी वाचकाला काशी हिंदू विश्वविद्यालय ओळखीचे आहे ते बहुधा विष्णु वासुदेव आणि जयंत नारळीकर या पितापुत्रांमुळे. शांतिस्वरूप भटनागर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे रसायनशास्त्र शिकवत होते. पण वर्णपटांच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव आर. के. असुंडी यांचे. कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातले काही पट्टे आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. या विद्यापीठात स्पेक्ट्रोस्कोपीचा स्वतंत्र विभाग होता, आणि असुंडी पुढे तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात गेले तेव्हा तीच परंपरा मुंबईतही रुजली. दोन अणूंच्या रेणूपासून हजारो अणूंच्या प्रथिनापर्यंतचे अंतर मोठे आहे. तरी वर्णपटाची रेघ कशामुळे सरकते, रुंद का होते, दुभंगते का, हे वाचायची शिस्त त्या काळ्या-पांढऱ्या फोटोपट्ट्यांवरच तयार झाली.

मुंबईचा दुसरा धागा एनएमआरचा. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलचा वर्णपट घेतला आणि हायड्रोजनची तीन वेगळी शिखरे दाखवली. एकाच रेणूतले हायड्रोजन आपापला शेजार सांगतात, हे तिथे स्पष्ट झाले. एनएमआरने प्रथिने वाचण्याचा सगळा डोलारा त्या तीन शिखरांवर उभा आहे. एस. एस. धर्माट्टी मुंबईला परतले आणि त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरू केले. तिथेच पुढे गिरजेश गोविल यांच्या गटाने कृत्रिम पटलांवर औषधांचा परिणाम एनएमआरने अभ्यासला.

त्याच संस्थेतला २०१५ चा एक प्रयोग मला विशेष आवडतो. अल्झायमरमध्ये अमायलॉइड-बीटा हे पेप्टाइड लहान पुंजक्यांत जमते आणि ते पुंजके चेतापेशींच्या पटलावर हल्ला करतात असे मानले जाते. पटलाला चिकटलेल्या पुंजक्याचा आकार पाहायचा कसा? १९२८ साली रामन यांनी कलकत्त्यात शोधलेल्या प्रकाशविखुरणाचा एक मोठा गुण असा की पाणी त्यात फारसे लुडबुड करत नाही. अवरक्त प्रकाशात पाण्याचे शोषण नेमके प्रथिनाच्या पट्ट्यावर येऊन बसते आणि जड पाणी वापरावे लागते. पण रामन संकेत अतिशय क्षीण. सुदिप्त मैती यांच्या गटाने टोरांटोतील सहकाऱ्यांबरोबर चांदीच्या नॅनोकणांवर मेदांचे पटल चढवले. चांदी आपल्यापासून काही नॅनोमीटरांवरच्या रेणूंचाच संकेत वाढवते, त्यामुळे पटलाला चिकटलेले पेप्टाइड तेवढे बोलते आणि द्रावणातले गप्प राहते. जोडीला घन-अवस्था एनएमआर होते. दिसले ते असे की पुंजक्यात दोन बीटा पट्ट्या आणि मध्ये वळण आहे, जिवाणूंच्या पटलात छिद्र करणाऱ्या पोरिन प्रथिनांची आठवण करून देणारी रचना. पुण्यात आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांचा गट पटलाच्या बारीक नळ्या काचेवर घालून प्रथिने त्या कशा कापतात ते फ्लुओरेसन्सखाली प्रत्यक्ष पाहतो. म्हणजे मराठी विद्यार्थ्याला या कामासाठी फार दूर जायची गरज नाही.

आता या सगळ्याची गरज काय, असे विचारणारे भेटतात. आल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीने २०२१ पासून प्रथिनांच्या रचनांचे भाकीत जवळजवळ कोणाच्याही हाती दिले, आणि त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्फटिकांवाचून पटलप्रथिनांच्या रचना दाखवल्या. ही दोन्ही यशे खरी आहेत आणि त्यांनी आमचे काम सोपे केले. पण त्या चित्रांत प्रथिन एका क्षणी थांबलेले असते आणि भोवतालचे पटल बहुतेक वेळा नसतेच, किंवा अंधुक ढगासारखे असते. प्रथिन पटलाला किती घट्ट धरते, किती वेळ धरते, मेद बदलले तर काय होते, याची उत्तरे मोजूनच मिळतात. पॉलिमिक्सिन गटातले कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले प्रतिजैविक जिवाणूच्या बाह्यपटलावर घाव घालते. त्याला दाद न देणारे जिवाणू वाढू लागले म्हणून भारताने २०१९ मध्ये पशुपालनातला त्याचा वापर बंद केला. बेडकाच्या त्वचेतल्या मॅगेनिनसारखी जिवाणुनाशक पेप्टाइडे औषध व्हायची तर ती आपल्या रक्तपेशींना सोडून जिवाणूंनाच का फोडतील, हे आधी कळायला हवे. एमआरएनए लशी पेशीत शिरतात त्या मेदकणांत बसून.

खुद्द अँफोटेरिसिनवरचा वादही संपलेला नाही. अनेक दशके पाठ्यपुस्तके सांगत होती की हे रेणू पटलात वर्तुळ करून छिद्र पाडतात आणि आयन गळून पेशी मरते. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या बर्क आणि रिएन्स्ट्रा यांच्या गटांनी घन-अवस्था एनएमआरच्या आधारे वेगळे चित्र मांडले. औषध पटलाबाहेर मोठे पुंजके करून एर्गोस्टेरॉल शोषून घेते. २०२२ मध्ये ओसाकाच्या मुराता यांच्या गटाने, पुन्हा घन-अवस्था एनएमआरच वापरून आणि संगणकी अनुकरणाची जोड देऊन, सात रेणूंचे छिद्र दाखवले. तंत्र एक, चित्रे दोन. औषध आणि मेद यांचे प्रमाण, मेदांची जात, नमुना तयार करण्याची रीत यांनी चित्र कसे पालटू शकते, हे समजून न घेता यातली एक बाजू उचलून धरणे घाईचे ठरेल. मुझफ्फरपूरच्या रुग्णाला बरे करणारे औषध नेमके काय करते, यावर २०२२ पर्यंतही एकमत नव्हते. ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ते ताठ बसतात.

या पुस्तकाची मांडणी तंत्रांच्या यादीने केलेली नाही, याचे मला समाधान आहे. प्रश्न आधी येतो : चिकटले का, किती खोल, कोणत्या आकारात, किती वेळ, आणि पटलाचे काय झाले. प्रत्येक प्रश्नाला दोन किंवा अधिक तंत्रे लावली आहेत आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत तिथे ती जुळवून दाखवण्याचा खटाटोप केलेला नाही. खऱ्या प्रयोगांचे आलेख दिले आहेत, त्यांतल्या गोंधळासकट. मेदगोलकांनी विखुरलेला प्रकाश, जुनाट मेदांचे ऑक्सिडीकरण, पेप्टाइडचे काचेला चिकटणे यांवर बरीच पाने खर्च झाली आहेत. ती गाळू नयेत. प्रयोगशाळेत दिवस वाया जातात ते याच ठिकाणी.

वाचकाकडून अपेक्षा पदवीच्या भौतिकी आणि रसायनशास्त्राची आहे. पुंजयामिकीचे सखोल ज्ञान लागणार नाही, लघुगणकाची भीती मात्र नसावी. जीवशास्त्राकडून आलेल्यांनी फ्लुओरेसन्सपासून सुरुवात करावी, कारण एक फ्लुओरिमीटर आणि थोडे मेद एवढ्यावर एखाद्या साध्या महाविद्यालयातही यातले निम्मे प्रयोग करता येतात. भौतिकीकडून आलेल्यांनी आधी मेद आणि त्यांच्या अवस्थांवरचा भाग वाचावा. डीपीपीसी हा मेद ४१ अंश सेल्सिअसला वितळतो, तेव्हा त्याच्या शेपट्यांचा अवरक्त पट्टा २८५० सेंमी⁻¹ वरून दोन-तीन एकक पुढे सरकतो. हे एकदा स्वतः मोजून पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते. न्यूट्रॉन-विखुरण आणि रेणूंचे संगणकी अनुकरण हे दोन विषय इथे ओझरतेच आले आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे, आणि ते मराठीत लिहू शकतील असे लोक पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत आज काम करत आहेत.